मुलांची मर्जी

तुम्हाला आमच्या चुलत अण्णांचं सांगितलं नाही का गं? ते हैदराबादेला विद्यापीठात शिकतात. लहान मुलांचं मन आणि शिक्षण, हाच त्यांचा विषय, आणि तोही सगळा उर्दूतून. सुटीत धाराशिवला आमच्याकडे आले, तेव्हा माझे वडील, आबा, त्यांना म्हणाले, "सास्तूरचं स्थळ आलंय. पोरीची शाळा बंद करावी म्हणतो."

"काका, आधी मुलांची मर्जी विचारावी. आमच्या किताबात पहिलं तेच लिहिलंय."

"मग विचार की तिला."

अण्णा माझ्याकडं वळले. "घाबरू नको. मनात असंल ते बोल."

"मला..."

"बघा, लाजली!" अण्णा मधेच आबांना म्हणाले. "या वयात मुलांना सांगता येत न्हाय, आपणच ओळखावं लागतं. हिला संसाराची ओढ हाय."

तरी मी म्हटलंच, "अण्णा, मला शाळेत जायचंय. तुम्ही बोलूच देत नाही."

अण्णा चिडले. "बघितलंत काका? शाळेत घातलं की पोरी अशा उलट बोलतात!"

आबा सुपारी कातरत म्हणाले, "व्हय रं, लई बिघडली. असली पोर सास्तूरकरांच्या गळ्यात कशाला बांधायची? राहू दे शाळेतच."