कोंडलेली कोरफड

हरीचं नाव घेतलंत? घेतलंत. मग मागच्या दोन ओळींनी मनातल्या मनात घेतलं असावं, माझ्यापर्यंत काही पोचलं नाही! घ्या पुन्हा... हां! आता बसा सावरून.

मंडळी, ऐका. आज एकच प्रश्न विचारायला उभा आहे. चोरी झाली तर चोरानं भरून द्यावी, हे सगळ्यांना कळतं. पण जी चोरी झालीच नाही, तिची भरपाई कोणी करायची? हसू नका! झालीच नाही तर भरपाई कसली, असंच म्हणताय ना? मग ऐकाच.

माणदेशात डांबरी रस्त्याच्या कडेला एक नर्सरी. मालक दिगंबर बोराटे. इथं कोणी बोराट्यांचे पाहुणे असतील तर त्यांनी राग मानू नये, हे बोराटे वेगळे! माणूस कष्टाळू. पहाटे उठणार, रोपांशी बोलणार, आणि गिऱ्हाइकाला दहा वेळा बजावणार — "कोरफड आहे ही. उन्हात ठेवा. पाणी बेतानं. लाड केलेत की रंग गेला!" तीस वर्षं हेच वाक्य. बायको अनसूयाबाई म्हणायच्या, "झोपेत पण तेच बरळतात!"

आता कोरफड म्हटल्यावर तुम्हाला काय आठवतं? भाजलं की लावायची, केसाला चोळायची! ती नव्हे. ही शोभेची. तळहातावर मावणारी, खिडकीत ठेवायची. दिगंबररावांना तिची नवी जात काढायची होती. जगात कोणाकडं नाही अशी! घरची एक दांडगी होती, लाल किनारीची. बंगळूरहून एक बुटकी आणली, पांढऱ्या ठिपक्यांची. दोघींना फुलं आली की उन्हं तापायच्या आत बारीक ब्रश घ्यायचा, हिचा पराग उचलायचा, तिच्या फुलाला लावायचा, आणि वरून मलमलची पिशवी बांधायची. का? तर शिंजीर पक्षी येतो आणि भलतीच सोयरीक जुळवून जातो! मग बोंड धरायचं, बी पेरायचं, आणि रोपाचं रूप कळेपर्यंत तीन वर्षं बसायचं.

अशी सात वर्षं गेली. दीडशे रोपं झाली. एकशे एकोणपन्नास त्यांनी स्वतःच्या हातानं उपटून फेकली. आणि एक राहिलं. काय रोप होतं! आखूड जाड पानं, फुलासारखी गोल मांडलेली. कडेला पोवळ्याच्या रंगाचे दाते. आणि थंडीचं ऊन लागलं की अख्खं रोप लाल व्हायचं. दिगंबररावांच्या डोळ्यांत पाणी आलं. नावसुद्धा ठरलं. काय नाव? 'दिगंबर'! पुढं 'महाराज' लावायचं तेवढं राहिलं!

पण रोप एकच. बाजूला पिल्लू एकही सुटलेलं नाही. जानेवारीत पुण्याला फुलझाडांचं मोठं प्रदर्शन, तिथं जो पहिल्यांदा मांडेल त्याचं नाव त्या जातीला लागायचं. म्हणजे सात वर्षांचा जीव एका कुंडीत. आणि इथं, मंडळी, मनात पाल चुकचुकली.

त्यांची सून शालन. पोरगी गुणी. हाताला जादू, मेलेलं रोप उभं करायची. पण तिचं एक चुकलं. काय चुकलं? तिचा बाप! तो आडनावाचा हिरवे, त्याची नीरेकाठी मोठी नर्सरी. सून करून आणली तेव्हा हेच दिगंबरराव गावभर सांगत होते, "नर्सरीवाल्याची लेक आहे, शिकवावं लागणार नाही!" आता तेच मनात म्हणू लागले, "नर्सरीवाल्याची लेक आहे... हिला सगळं कळतं."

भाऊबीजेला शालन माहेरी निघाली. पिशवीत चिवड्याचा डबा, साडी, आणि तळाशी ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी. दिगंबररावांनी बघितलं. विचारलं का? नाही! विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं ना! संशयी माणसाला उत्तर नको असतं, त्याचं विचारात छान चाललेलं असतं. परत आल्यावर शालन त्या रोपाचा मोबाइलवर फोटो काढताना दिसली. झालं! त्याच दिवशी रोप उचललं आणि औषधांच्या खोलीत नेलं — जिथं फवारणीची औषधं ठेवतात तिथं. एकच झरोका, तोही उत्तरेला. दाराला कुलूप, चावी करगोट्याला!

हे आमचे पेटीवाले बघा. हेही पेटीला कुलूप लावतात. मी विचारलं, "काय हो, सूर चोरीला जातात का?" म्हणाले, "महाराज, सूर नाही, पण लोक वाजवून बघतात!" वाजवून बघितलं तर झिजतं का? पण नाही, कुलूप पाहिजे!

दिगंबररावांनी कुलपावर भागवलं नाही. उंबऱ्यात राख पसरली. कोणी शिरलं तर पाऊल उमटेल! दुसऱ्या दिवशी बघतात तर — पाऊल! मोठं, पसरट, अंगठ्याचं नख मोडकं. अंगाला घाम फुटला. कोणाचं पाऊल? अहो, त्यांचंच! रात्रभर झोप नाही, उठून सकाळी आधी स्वतःच आत गेले होते, बघायला, कोणी आत गेलं का!

आत गेलं की रोपाकडं बघून जीव गलबलायचा. हात मोकळा कसा परतणार? घोटभर पाणी घालायचे. सकाळी घोटभर, दुपारी घोटभर. आणि येताना कुलूप तीनदा ओढून बघायचे. असे सहा आठवडे गेले.

डिसेंबरातला रविवार. नर्सरीत ही गर्दी! पुण्याहून प्रदर्शनाचे दोन गृहस्थ मुद्दाम रोप बघायला आलेले. दिगंबररावांनी धोतर सावरलं, करगोट्याची चावी काढली, दार उघडलं आणि सगळ्यांच्या पुढं कुंडी आणून ठेवली.

हिरवी!

हिरवीगार, मंडळी! पानं लांबोडकी झालेली, मऊ पडलेली. पोवळ्याचे दाते गेले, लाल गेलं, सगळं गेलं. पुण्याच्या गृहस्थांनी एकमेकांकडं बघितलं. एक जण हळूच म्हणाला, "बोराटे, अशी तर आमच्या गॅलरीत आहे."

दिगंबररावांच्या कानशिलात रक्त उसळलं. कुंडी तीच. मग रोप? रोप बदललं! कोणी बदललं? मान गर्रकन वळली. शालन झारी घेऊन गिऱ्हाइकाच्या गुलाबाला पाणी घालत होती.

"शालन! कुठं नेलंस माझं रोप?"

"मी? मामा, रोप तुमच्या पुढं आहे."

"हे माझं नाही! आंघोळीला जाताना चावी खुंटीला असते. दहा मिनिटं! तेवढ्यात आतलं काढलंस आणि हे भलतंच लावलंस. बापाला दिलंस ना? भाऊबीजेला गोणपाटात काय नेलंस?"

"शेवंतीच्या काड्या होत्या. आत्यांनी दिल्या."

"मीच दिल्या!" अनसूयाबाई पुढं आल्या.

"तू मध्ये पडू नकोस!"

चाळीस माणसं बघतायत. शालनचा नवरा विलास टेम्पोत कुंड्या भरत होता. तो काय बोलला? काही नाही! कुंडी हातात धरून उभा राहिला. मंडळी, बायकोला भरबाजारात चोर म्हटलं जातंय आणि नवरा कुंडी धरून उभा — अशा माणसाला काय म्हणावं ते इथल्या बायकांना ठाऊक आहे, मी कशाला तोंड खराब करू!

शालन रडली नाही. झारी खाली ठेवली. जवळ आली, पान बोटांनी चाचपलं आणि म्हणाली, "मामा, रोप हेच आहे. सावलीनं आणि पाण्यानं रंग उतरलाय. पंधरा दिवस उन्हात ठेवा, पाणी देऊ नका. आपोआप कळेल."

"पंधरा दिवस! पंधरा दिवसांत तुझा बाप पुण्याला मांडून मोकळा होईल! चोर ते चोर, वर मला कोरफड शिकवतेस?"

असं म्हणून रोप उपटलं आणि भिंतीवरून पलीकडं, उकिरड्यावर भिरकावलं! शालननं ते बघितलं. आत गेली, पिशवी भरली, सासूच्या पाया पडली आणि एस.टी. धरली.

पुढं जानेवारीत प्रदर्शन आलं. दिगंबरराव गेले. मांडायला? छे! चोर पकडायला! मफलर तोंडावर ओढून टेबलाटेबलांमधून फिरतायत. हिरव्यांचं टेबल शोधलं. तिथं शेवंती. नुसती शेवंती! खाली वाकून बघितलं, टेबलाचं कापड उचलून बघितलं. पहारेकऱ्यानं विचारलं, "आजोबा, काय हरवलंय?" मफलर आणखी वर ओढला. आता निदान मनाला पटावं ना? नाही! म्हणाले, "मुरलेले आहेत. यंदा दाबून ठेवलंय, पुढच्या वर्षी काढतील." बघा! सापडलं तर चोर, आणि नाही सापडलं तर मोठा चोर. या न्यायालयातून कोण सुटणार हो?

घरी आले. ओट्यावर बसले. अनसूयाबाई चुलीची राख टाकायला उकिरड्यावर गेल्या होत्या. परत आल्या त्या घमेलं तसंच हातात घेऊन. ओट्यावर आदळलं.

"घ्या. तुमचं चोरलेलं."

घमेल्यात रोप! मुळाशी मातीचा गोळा वाळलेला. महिनाभर पाणी नाही, डोक्यावर कडक ऊन, आणि पानं पुन्हा आखडून घट्ट झालेली, कडेला दाते पोवळ्याचे, आणि अख्खं रोप — लाल! सात वर्षांत झालं नव्हतं एवढं लाल!

दिगंबररावांनी हात लावला आणि हात तसाच राहिला. माहीत नव्हतं का हो त्यांना? तीस वर्षं गिऱ्हाइकाला काय सांगत होते? उन्हात ठेवा, पाणी बेतानं, लाड केलेत की रंग गेला! झोपेत बरळण्याइतकं पाठ होतं! पोरीनं तोंडावर सांगितलं तरी ऐकू आलं नाही. अज्ञानानं नाही चुकला हा माणूस. माहीत असून चुकला. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी रोप कुंडीत लावलं, मांडीवर घेतलं आणि नीरेकाठी हिरव्यांच्या नर्सरीत उतरले. शालन मांडणीपाशी काड्या लावत होती. व्याह्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि आपल्या कामाला निघून गेले.

"शालन," दिगंबरराव म्हणाले, "माझं चुकलं, पोरी. रोप हेच होतं..."

बोलत होते, खरं बोलत होते! पण डोळे कुठं होते? डोळे मांडणीवर! ह्या रांगेत, त्या रांगेत... लाल काही दिसतंय का! मंडळी, माफी मागायला आलेल्या माणसाचे डोळे झडती घेत होते! सवय वाईट.

शालननं बघितलं. हात पुसले. "मामा, उठा. आधी सगळं बघून घ्या. मग बोलू."

आणि तिनं त्यांना फिरवलं. एकेक मांडणी! जाळीखालचं, टाकीमागचं, औषधांची खोली सुद्धा उघडून दाखवली. दिगंबरराव म्हणतायत, "नको गं पोरी, नको," आणि ती म्हणते, "बघा. राहिलं असेल काही." शेवटच्या रांगेपर्यंत पोचले. तिथंच खाली बसले. लहान लेकरासारखे रडले.

"ह्या जातीला तुझं नाव देतो, शालन. माझं नको. तुझं."

"माझं नाव तुम्ही एकदा दिलंयत, मामा. चाळीस माणसांपुढं. चोर म्हणून. तिथं ते अजून तसंच आहे. आणि माफी इथं मागताय, माझ्या बापाच्या आवारात, कोणी नसताना."

"मग काय करू? सांग."

"रविवार. तीच वेळ, तीच जागा. मोठ्यानं."

सोपं वाटलं का? दिगंबरराव चार दिवस आजाऱ्यासारखे फिरत होते. चोर म्हणताना कसा आवाज लागला होता खणखणीत! आता चार वाक्यं घोकत होते. रविवारी गर्दी झाली. शालन फाटकाबाहेर उभी, पिशवी हातात, आत पाऊल नाही. दिगंबरराव कुंड्यांच्या ढिगाऱ्यावर चढले. म्हणाले, "ऐका हो! गेल्या महिन्यात इथं मी माझ्या सुनेला चोर म्हणालो. ती चोर नाही. रोप मीच कोंडलं, मीच बिघडवलं, आणि आळ तिच्यावर घेतला."

गिऱ्हाइकं निम्मी नवी. त्यांना काहीच कळेना! एक बाई म्हणाली, "कोणती सून? काय झालं?" झालं! पहिल्यापासून सांगावं लागलं. राख, पाऊल, खुंटीची चावी, सगळं! लोक हसले, आणि त्यांनी हसू दिलं. मग पुण्याच्या त्या दोन गृहस्थांना फोन लावला, आवाज मोठा करून, सगळ्यांना ऐकू जाईल असा. त्यांनाही तेच सांगितलं.

तेव्हा शालन फाटकातून आत आली. गळ्यात पडली? नाही. हार-तुरे? नाही. चालता चालता मधल्या मांडणीपाशी थांबली आणि म्हणाली, "मामा, इथं पाणी फार झालंय." पदर खोचला आणि कामाला लागली. विलासशी मात्र पुढं महिनाभर बोलली नाही, आणि अगदी बरोबर केलं!

मंडळी, आता माझ्याकडं बघा. खाली नको, माझ्याकडं! मघाशी विचारलं होतं, न झालेल्या चोरीची भरपाई कोणी करायची. मिळालं उत्तर? आळ ज्यानं घेतला त्यानं, आणि जिथं घेतला तिथं! आपण काय करतो? चारचौघांत बोलून जातो — "हिनंच उचललं असेल, ह्यानंच खाल्लं असेल" — आणि वस्तू कपाटाखाली सापडली की गुपचूप कपाटात ठेवून देतो. फार तर एक चहा जास्तीचा पाजतो. ज्याला बोललो तो माणूस मात्र तसाच उकिरड्यावर पडलेला असतो.

तुमच्यात असा कोण बसलाय, मला ठाऊक आहे. कसं ठाऊक आहे? तुम्ही सगळे एकदम गप्प झालात त्यावरून! आणि कोणाला बोललात, ते नाव आत्ता तुमच्या ओठांशी आलंय. ते मला सांगू नका. उद्या सकाळी उठा, जिथं बोलला होतात तिथं जाऊन उभे राहा, आणि चारचौघांपुढं, तेवढ्याच मोठ्या आवाजात त्यालाच सांगा — माझं चुकलं!