भोपळा कुणी चिरला?

“डॉक्टर, आईने ग्रहणात भाजी चिरली, तर बाळाला लाल डाग येतो का?”

मैत्रिणींनी पैज लावून दिलेला हा प्रश्न करिष्मा आई-बाबांबरोबर लोणावळ्याच्या दवाखान्यात बसून घोकत होती. तिच्या गालावरचा लाल डाग जन्माचा, आणि त्यावरून आईला चौदा वर्षं सगळे तेच ऐकवत आलेले. आत्ताही आई सवयीने तिचे केस गालावर ओढत होती. शेजारी भाजे गावच्या सासू-सुना बसल्या होत्या. सुनेच्या मांडीवरल्या बाळाच्या कपाळावर लाल गाठ होती.

“उज्ज्वला, डोळ्याचं औषध कपाळाला का गं लावायचं?”

“डॉक्टरबाईंनीच सांगितलंय, आत्या. दोन थेंब गाठीवर, सकाळ-संध्याकाळ. फिकी पडली न्हवं?”

“पडली खरी. पर गावात इचारत्यात, ग्रहणात काय चिरलं म्हून.”

“रक्ताच्या बारीक नळ्यांची गाठ हाय ती. भोपळा चिरून न्हाई व्हत.”

“म्हाईत हाय. तरी कुनी इचारलं, तर भोपळा म्या चिरला म्हनायचं.”

“तुमी चिरून काय व्हनार? पोटुशी मी हुते!”

“मंग म्या तुला चिराया लावला म्हन. तुला कुनी बोललेलं मला न्हाई खपायचं.”

करिष्माच्या आईचा हात केसांवरच थांबला.

करिष्माने केस कानामागे खोचले. “आई, बाबा, ऐका. डॉक्टर देतील ते मलम मी रोज लावीन. पण उद्यापासून शाळेत घट्ट दोन वेण्या घालून जाणार. आणि कुणी विचारलंच, तर सांगणार, आईचा काही दोष नाही, भोपळा मीच चिरला, पोटात बसून!”