धारूरच्या घाटातली साईड

—न्हाई देत साईड. वाजवू द्या. सर, तुमी सारखं मागं वळून बघू नका, मला आरशात समदं दिसतंय — पांढरं पिकअप, निळी ताडपत्री, खाली टमाट्याचे कॅरेट थप्पीनं. भरलेलं हाय म्हणून तर बरं हाय, रिकामं असतं तर एवढी मजा न्हाई. भरलेल्या गाडीला चढावर काय लागतं, सांगा? डिझेल न्हाई हो, डिझेल तर लागतंच — जोर लागतो. खालून गाडीनं एकदा जोर धरला की घाट संपेस्तोवर तो मोडू द्यायचा न्हाई, एका गियरात, एका पायानं वर आली पाहिजे, तर ॲव्हरेज भेटतं. आन तेच मोडतोय मी. हे बघा, वळण आलं — मी पाय उचलला, जरासाच — आता ऐका मागं — ऐकलं? आला पयल्या गियरवर. कसं रडलं इंजन! आता परत जोर धरू देतो त्याला. धर बाबा, धर. आन पुढच्या वळणाला परत मोडायचा.

तुमाला घाई न्हाई ना? उद्या हजर व्हायचं म्हणलात शाळेत, आज काय, केजला खोलीच बघायची. मग बसा निवांत. मागं त्या दोघी मावश्या झोपल्यात, त्यांना उद्या पोचवलं तरी चालंल. हा डायवर येडा हाय का काय, असं आलं असंल तुमच्या मनात. येऊ द्या. पण हे काय आजचं न्हाई सर, तीन वर्सं झाली. नाव बंकट त्याचं. तवा तो पिकअपवर नव्हता, दुधाच्या टँकरवर व्हता. सकाळी रिकामा टँकर घेऊन हा घाट उतरायचा, माजलगावच्या अंगाला गावोगाव दूध गोळा करायचा आन दुपारी भरून वर. मालकाकडं पंधरा डायवर, त्यात समद्यात कमी डिझेल कोण जाळतंय — तर बंकट. दर वर्षी फेटा, नारळ, हापिसात भिताडाला फोटो. नव्या डायवरांना सांगायचे, बंकटच्या शेजारी बसा, शिका. काय शिकवायचा हा? तर ब्रेकवर पाय ठेवायचा न्हाई. उताराला गाडी गियरात सोडायची, पाय काढून घ्यायचा, तिच्या चालीनं उतरू द्यायची, रोडच्या मधून. आन साईडपट्टीवर उतरायचं न्हाई, मागं कुणी का असंना — उतरलं की चाल मोडली, चाल मोडली की परत रेस, रेस म्हणजे डिझेल. मागचा वाजवतोय तर वाजवू दे, त्याचीच बॅटरी जाईल. असं म्हणायचा, हसून. मी ऐकलंय, ह्याच कानानं. पण ते नंतरचं.

माझी बहीण हाय एक, आम्रपाली, धाकटी. तिनं लॅबचा कोर्स केला — रक्त काढायचं, तपासायचं, ते. मी धाव्वीतून स्टेरिंग धरलं, का तर एकानं तरी शिकावं, आन तीच शिकली. विहारात लाईट चांगली हाय म्हणून वंदना झाली की तिथंच पुस्तकं मांडून बसायची, आईनं हाक मारली तरी उठायची न्हाई. मग सरकारी दवाखान्यातल्या जागा निघाल्या. सेंटर आलं माजलगावचं कॉलेज. साडेआठला गेट बंद, त्याच्या पुढं एक मिनट न्हाई, तसं छापलंच व्हतं हॉलतिकिटावर. तुमी बसलात न्हाई का, ह्याच शिटवर बसली व्हती. मांडीवर ती प्लास्टिकची फाईल. धारूर सोडलं, घाटाच्या तोंडाला आलो, आन पुढं — टँकर.

समोरून गाड्या चालू, घाट हा असा, दोन गाड्या कशाबशा. मी हॉर्न दिला. दिला, परत दिला. तो आपला चाललाय रोडच्या मधून, बैलगाडीसारखा. दोन जागी रुंदी हाय घाटात, तुमी बघितली ना आता खाली एक, तिथं जरा डाव्या अंगाला दाबला असता तर जीप काय, एष्टी बी निघाली असती. न्हाई दाबला. पयल्या रुंदीला न्हाई, दुसऱ्या रुंदीला न्हाई. आम्रपाली नुसतं त्या फाईलचं टोक बोटानं सरळ करायची, ते परत मुडपायचं, ती परत सरळ करायची. मी लाईट मारली. डोकं बाहीर काढून वरडलो — भाऊ, परीक्षा हाय, पोरीची परीक्षा हाय! तर त्याचा हात आला खिडकीतून बाहीर. मला वाटलं, दिली साईड. न्हाई सर. हात असा केला — वरून खाली, वरून खाली — लहान लेकराला निजवतेत तसा. हळू म्हणं. हळू. मला हळू म्हणतो!

सहा मिनटं उशीर झाला. वॉचमन म्हातारा व्हता, वाईट माणूस नव्हता, त्यानं पाणी आणून दिलं तिला गेटच्या गजातून. पण गेट न्हाई उघडलं. आत बेल वाजली ती आमी दोघांनी गेटवर उभं राहून ऐकली. मी वॉचमनच्या पाया पडलो, तिनं मला दंडाला धरून उठवलं. म्हणली, दादा, चल. ती जागा परत निघाली न्हाई सर, आजवर. आता केजला एका खाजगी लॅबमदी हाय, दिवसभर लोकाच्या दंडाला रबर बांधते, आन रिपोर्टवर सही दुसऱ्याची.

मग मी काय करायचं? सांगा. दगड मारायचा? मारला असता. टँकरची काच फोडायचं मनात आलतं. पण काच फुटली तर मालकाची फुटणार, बंकटचं काय जाणार? त्याचं काय जातंय ते मला ठावं व्हतं — ॲव्हरेज. मी त्याचा टाईम धरला. भरला टँकर घेऊन दुपारी तो घाटाखाली कासमभाईच्या हॉटेलवर थांबायचा, च्या प्यायचा. मी बी जीप घेऊन तिथंच. शिटं भरली तरी निघायचो न्हाई, पब्लिक शिव्या द्यायची. तो उठला, टँकर चालू केला, की मी पुढं. मग आत्ता बघितलं ना, तेच. वळणाला पाय उचलायचा. रुंदी आली की मधून चालायचं. त्यानं जोर धरला की मोडायचा. एक दिवस न्हाई सर, वर्सभर. पावसाळा, उन्हाळा, अंगात ताप असला तरी. भांडण न्हाई, शिवी न्हाई, हात न्हाई लावला — गाडी तर हळूच चालवत व्हतो ना मी? हळू चालवायला काय कायदा आडवा येतोय का?

आन पडलं ॲव्हरेज. पडणारच. मालक काय म्हणला असंल, सांगा तुमी. न्हाई, नुसता रागावला न्हाई. मालक म्हणला, बंकट, डिझेल इकतो का रे तू? तेच! ज्याचा फोटो भिताडाला, त्याला म्हणला चोर. पंधरा डायवरांसमोर टाकी मोजली, शिटाखाली कॅन हुडकले, कायी सापडलं न्हाई, तरी टँकर काढून घेतला हातातून. फोटो बी काढला म्हणतेत. हे मला कुणी सांगितलं? त्यानंच. कासमभाईच्या हॉटेलात, माझ्याच बाकड्यावर बसून. तवा नुकता पिकअपवर आलता. म्हणला, भाऊ, अठरा वर्सं थेंब इकला न्हाई, आन घरी बायको बी आता येगळ्या नजरेनं बघते. घाटात रोज कोण न कोण पुढं यायचं म्हणला, काय करणार. मी बघत व्हतो त्याच्याकडं. त्याला ठावंच न्हाई सर! रोज मीच व्हतो, हीच जीप, आन त्याला ठावं न्हाई! उलट मला काय म्हणतो — तुमच्या मागं असलो की बरं वाटतं, तुमी बी पाय आवरून चालवता, रेस करत न्हाई, आजकालच्या पोरांसारखं न्हाई. मागच्यानं वाजवलं की त्याचीच बॅटरी जाते, म्हणला, आन हसला. च्या बी त्यानंच पाजला.

वाईट? मला? न्हाई वाटलं. खोटं कावून बोलू? लई बरं वाटलं. तो च्या मला असा गोड लागला का काय सांगू.

—आँ? मग झालं की, भागलं की, आता कावून, असं म्हणता? तुमी बी तिच्यासारखंच इचारता. आम्रपाली. तिला कायी म्हाईत नव्हतं, मी सांगितलं नव्हतं. गेल्या दिवाळीत माजलगावहून येताना बसली जीपमदी, इथंच, आन मागं हाच पिकअप. तिनं दोन वळणं बघितलं, तीन बघितलं. हुशार हाय ती. म्हणली, दादा, हा तोच का? मी म्हणलं, तोच. मी समदं सांगितलं तिला, टँकरचं, चोरीचं, फोटोचं — मला वाटलं, तिला बी बरं वाटंल. तीन वर्सांत मी तिच्यासाठी तेवढंच केलतं. तर ती म्हणली, दादा, आपण केजहून किती वाजता निघालतो त्या दिवशी?

आता ह्याला काय अर्थ हाय, सांगा. निघालतो तवा निघालतो. सहाला निघायचं ठरलं व्हतं, सहाला ती तयार व्हती, आंघोळ करून, वंदना घेऊन. मी म्हणलं, जायचंच हाय तर स्टँडवरून जाऊ, शिटं भेटतील, रिकामी जीप कशाला पळवायची, डिझेल जळंल ते जळंलच. दोन शिटं कमी व्हती. दोनच. ती म्हणली दादा, निघू. मी म्हणलं, पाच मिनटं. एक बाई आली, तिचं गठुडं वर बांधलं. परत पाच मिनटं. मग तो दुसरा म्हणला, माझा भाऊ येतोय, आलाच. … पंचवीस मिनटं झाली असतील. तीस बी असतील. आन धारूरपर्यंत मी बी काय पळवली न्हाई, चाळीसनंच आलतो, चाळीसनं ॲव्हरेज — अहो, पण ते येगळं! ते डिझेल वाचवायला व्हतं, कुणाला अडवायला न्हाई. मागं कुणी नव्हतं माझ्या. व्हतं का न्हाई, ते बी मी बघितलं नव्हतं म्हणा. त्या दिवसापासून ती माझ्या जीपमदी बसत न्हाई. एष्टीनं जाती. उभी राहून जाती, पण बसत न्हाई.

काय म्हणलात? … न्हाई, परत म्हणा. मोठ्यानं म्हणा की, त्या मावश्यांना बी ऐकू द्या. सहा मिनटं त्याची आन तीस मिनटं माझी — असं? गणिताचे सर का तुमी? गणित शिकवता? मला न्हाई शिकवायचं. उतरा. उतरा म्हणतोय ना! ही घेतली बाजूला, ही घातली साईडपट्टीवर, तुमची बॅग घ्या आन उतरा, मागून एष्टी येईल, तिनं जा. कायी देऊ नका. मला कायी नको तुमचं. दार सरकवा, अडकतंय ते, जोरात —

थांबा.

थांबा जरा. पुढं का न्हाई गेला हा? रोड मोकळा हाय, मी बाजूला हाय, जा की! … थांबला. सर, हा थांबला. भर चढावर थांबला हा, भरल्या गाडीनं. उतरला. दगड लावतोय चाकाला. इकडं — इकडंच येतोय.

… कायी न्हाई, भाऊ. न्हाई, पंक्चर न्हाई. गरम बी न्हाई झाली. … पाणी हाय, पाणी हाय माझ्याकडं, नको. … न्हाई, ते उतरत न्हाईत, ते बसूनच हाईत, ह्यांना जरा मळमळलं म्हणून घेतली बाजूला. … हाव. हाव, घाट हाय, व्हतंय असं. तुमी जा. तुमचा माल हाय, जा तुमी. … जा म्हणलं ना!

बघितलं? बाटली ठिवून गेला. बॉनेटवर. आता निघंल का ती गाडी? पयल्यावर बी उचलंना — घसरती, मागं येती — हां, उचलली. किती जाळलं असंल त्यानं ह्या एका थांबण्यात? थांबता येतंय ना त्याला? येतंय ना, सर? मग त्या दिवशी कावून न्हाई थांबला? आज कावून थांबला हा, मी मागितलं नव्हतं आज! त्या दिवशी मागितलं व्हतं मी, वरडून मागितलं व्हतं —

बसा. दार लावा. बसा म्हणतोय ना, न्हाई उतरायचं. आन केज येईस्तोवर मला कायी इचारू नका.