घड्याळजींच्या १.७ मुलांबाबत

जबाब देणार: इमारतीत सगळे ‘काकू’ म्हणतात ती मी, वय ५४, शिक्षण मॅट्रिक, धंदा घरकाम, राहणार टपाल कचेरीमागची इमारत, दुसरा मजला.

देवाला स्मरून समक्ष सांगते की, माझ्या दिरांचा मुलगा विद्यापीठात संशोधन करतो व आमच्याकडे राहतो. तो आला तेव्हा एक पेटी, एक संगणक आणि कागदांचे तीन गठ्ठे आले. गठ्ठे पेटीपेक्षा महाग पडले, असे तोच म्हणाला. म्हणून वाया गेलेले पाठकोरे कागद मी टाकू देत नाही. पुड्या बांधायला चालतात.

ज्या घरात मुले जास्त, त्या घरातले घड्याळ जास्त पुढे लावलेले असते, असे त्याला संख्याशास्त्राने सिद्ध करायचे आहे. त्यासाठी तो तीस घरी फिरला. वरच्या मजल्यावरच्या घड्याळजींनी दार उघडले नाही. ते घड्याळे दुरुस्त करतात, पन्नाशी उलटलेले, अविवाहित, कोणाच्या अध्यात ना मध्यात. त्यांचे घड्याळ खिडकीतून दिसले, ते बरेच पुढे होते. मुलांचा रकाना मात्र रिकामा राहिला. पुतण्याने तिथे बाकीच्या घरांची सरासरी भरली, १.७. त्यांच्या शास्त्रात असे करतात म्हणे.

घड्याळजींचे येत्या रविवारी लग्न आहे. नवरी शाळेत शिवण शिकवतात. मंगळवारी त्या घड्याळजींच्या खिडकीचा पडदा शिवायला आल्या होत्या. कड्या कमी पडल्या, त्या मी पुडीत बांधून दिल्या. पुडी कुठल्या कागदाची, ते पाहिले नाही.

थोड्या वेळाने बाई पुडीचा कागद घेऊन खाली आल्या. “‘वरचा मजला, उजवं दार, घड्याळदुरुस्ती, मुले १.७’ हे कोण?”

पुतण्या म्हणाला, “सांगता येत नाही. आम्ही नावं गुप्त ठेवतो.”

“नावं गुप्त, आणि मुलं चव्हाट्यावर! एक मूल मी समजून घेईन. वरचं सात दशांश कुठं ठेवलंय?”

“अहो बाई, ज्यांनी दार उघडलं नाही त्यांना सरासरी लावतात.”

“म्हणजे दार न उघडल्यानं मुलं होतात?”

घड्याळजी जिन्यातून “मी झोपलो होतो हो!” असे ओरडत होते. त्याने प्रकरण सुधारले नाही.

बाईंनी संगणक उचलला, मांडीवर घेऊन जिन्यात बसल्या. “पोरं हजर करा, यंत्र घेऊन जा.” पुतण्याने चोरी झाल्याचे ठाण्याला कळवले. हवालदारसाहेब आले. त्यांनी घड्याळजींना मुले किती, असे पुन्हा पुन्हा विचारले. शेवटी घड्याळजी रडवेले झाले.

मी पुतण्याला म्हटले, “अरे, उपाशी माणसाच्या पानात शेजाऱ्यांच्या जेवणाची सरासरी वाढतोस का? शून्य लिही.”

“काकू, शून्य लिहिलं तर आलेखातली माझी अख्खी रेषा आडवी होते, काही सिद्धच होत नाही!”

“होऊ दे. तू पंचविशीचा आहेस, दुसरी काढशील. त्यांना दुसरी नवरी कुठली?”

बाई संगणक सोडेनात, म्हणून त्याने त्यांच्या मांडीवरच शून्य भरले. रेषा आडवी झाली. पुतण्या त्या दिवशी जेवला नाही.

बाई म्हणाल्या, “आज पुसलं, उद्या पुन्हा भरेल. शून्यावर सरकारी शिक्का बघेन, मगच लग्नाला उभी राहीन.” आणि निघून गेल्या. पडदा अर्धाच झाला आहे, सुई त्यातच आहे. घड्याळजी कोणाला हात लावू देत नाहीत.

पुतण्याची आता चोरीची तक्रार नाही. संगणक हवालदारसाहेबांनी मुद्देमाल म्हणून ठाण्यात नेला आहे. त्यातला दुरुस्त तक्ता छापून, घड्याळजींच्या शून्यावर ठाण्याचा गोल शिक्का उमटवून रविवारच्या आत बाईंच्या पत्त्यावर पाठवावा, ही विनंती. बाईंचा पत्ता घातलेले, तिकीट लावलेले पाकीट मी देऊन जात आहे.

जबाब मला वाचून दाखवला, मीही चष्मा लावून वाचला. सांगितले तसाच आहे. फक्त लेखनिकांनी दशांश चिन्ह विसरून मुले १७ लिहिली होती, ती समक्ष दुरुस्त करून घेतली. परंतु पहिली प्रत दुरुस्तीआधीच त्या पाकिटात घालून टपालात पडली, असे आता कळते. ती परत मिळाली की कसे, ते कृपया उलट टपाली कळवावे.