एका आडनावाची सतरंजी

हसू नका, पण मागच्या रविवारी सहा वर्षांनी मी धाकट्या भावासोबत जेवलो, तेही पोरांच्या चुकीमुळे.

धुळ्यातल्या देवपूरच्या आमच्या चर्चमधल्या तरुण संघानं सगळ्या कुटुंबांना एकत्र जेवायला बोलावलं होतं. पोरांनी आडनावं पाहून सतरंज्या वाटल्या आणि वर नावांच्या चिठ्ठ्या लावल्या. मला वाचता येत नाही, म्हणून नात रूथनं नेऊन बसवलं. पाहतो तर समोर दाविद, माझा तोच भाऊ, जेवणासाठी गावाहून आलेला. आईची माती त्याला गावात करायची होती, मी हट्टानं धुळ्यात केली. तेव्हापासून बोलणं बंद. उठून जावं, तर सगळे बघत होते.

दाविद रूथला म्हणाला, "तुना आजाले सांग, भरीत तिखट शे."

मी म्हणालो, "त्याले सांग, भाकर जास्त खाय."

निरोप सांगून सांगून पोरगी थकली. "आबा, मला गाण्यात उभं राहायचंय," म्हणाली आणि गेली.

आम्ही खाली मान घालून जेवत राहिलो. तेवढ्यात दाविदला ठसका लागला. माझा हात आपोआप त्याच्या डोक्यावर गेला. आई थोपटायची तसं थोपटून मी म्हणालो, "हळू रे भाऊ, हळू."

पाणी पिऊन त्यानं तांब्या माझ्याकडे सरकवला. मग म्हणाला, "तू आईना कबरवर जास का?"

"दर रविवारले."

"आज मले बी संगे ली चाल."

गाणं आटोपून रूथ परत आली. "काही निरोप आहे का?"

दाविद म्हणाला, "बस पोरी, तू जेव. आम्ही एकमेकसंगे बोली राहिनूत."