अजगराची ऊब

मूलच्या बसस्टँडवर गोंडपिपरीच्या गाडीची वाट पाहत होतो. मागच्या बाकावर एक बाई आणि एक म्हातारे गृहस्थ बोलत होते.

"हरिदासभाऊ, तुमची रोशनी अजून जंगली जनावरांच्या दवाखान्यातच कामाले हाय का?"

"हाव ना बाई. मांगं तिथं ट्रॅक्टरखाली आलेला अजगर आणला होता. जखम भरली, पण खाऊनच नाई राह्यला. दिवसभर पाण्याच्या टपात पडून राहे."

"थंडी लागली असन."

"मीबी तेच म्हटलं, पिंजऱ्यात उबेसाठी अजून एक बल्ब लाव. पोरगी त्याच्याकडं पाहतच बसली. म्हणे, बाबा, त्याले उकडून राह्यलं, म्हणून पाण्यात बसते. तिनं बल्ब एका कोपऱ्यात नेला, दुसरीकडं गारवा ठेवला. म्हणे, कुठी बसाचं ते त्याचं त्याले ठरवू दे."

"मंग?"

"पाण्यातून निंगाला, उबेले जाऊन बसला. काही दिवसांनी कोंबडी गिळली!"

"बाप्पा! मुक्या जीवाचं कसं समजलं तिले?"

"पाहून पाहून, बाई."

"सोडला का मंग?"

"सोडला. मीबी गेलो होतो. पेटी उघडली तं सरसर झाडीत गेला. मांगं वळूनबी नाई पाह्यलं."

"रोशनीले वाईट वाटलं असन."

"नाई. ती हसत होती. म्हणे, पाहा बाबा, बरा झाला. डोळे तं माहेच भरले."