सगळ्यांना तेच

कोरियन लोकांची एकी काय असते ते मला विचार. मँचेस्टरच्या आमच्या ऑफिसात बॉससकट सगळी टीम कोरियन, मी एकटीच मराठी. पहिल्याच टीम लंचला बॉसनं बीफ सूप सांगितलं आणि टेबलभर एकच सूर, "मलाही तेच."

माझी पाळी आली. मी सरळ सांगितलं, "मी व्हेजिटेरियन आहे. मला टोफूचं सूप."

बॉसनं मेन्यू पुन्हा उघडला. "टोफू बरा दिसतोय. माझंही तेच करा."

झालं. एकेकानं आपलं बीफ रद्द केलं. मी खुशीत, एका दमात अख्खी टीम व्हेज केली.

तेवढ्यात शेजारी बसलेला मिनजुन हळूच म्हणाला, "मी आठवडाभर या बीफची वाट बघत होतो. पुढच्या वेळी बॉसचं सूप समोर आल्यावर व्हेजिटेरियन हो."